सुटे आभार

बदलापूरच्या कात्रपला आम्ही खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालक पडवीत एका पायात चप्पल आणि दुसरा पाय उघडा, असे उभे होते. डोळे मिटलेले, मान जराशी तिरकी. आम्ही फाटकातून आत आलो, नमस्कार म्हणालो, तरी डोळे उघडेनात. माझा नवरा दोनदा खाकरला. तेवढ्यात आतून एक बाई हातात लाटणं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बसा दोन मिनिटं. त्यांचं अजून व्हायचंय."

काय व्हायचंय ते काही सांगितलं नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं आणि नजरेनंच विचारलं, निघायचं का?

"सापडलं!" म्हणून घरमालकांनी डोळे उघडले, दुसरी चप्पल काढली आणि आमच्यासमोर हात जोडले. "आत आल्यावर तुम्ही फाटक लावून घेतलंत. कडीचा आवाज ऐकला मी. इथं कुणी लावत नाही हो, गाई शिरतात आणि हिचा अळू खाऊन जातात. आभारी आहे."

माणूस चक्रम आहे, हे माझं मत त्याच क्षणी पक्कं झालं. पण खोलीला सकाळी तासभर पाणी होतं, आणि त्या दिवसांत बदलापुरात पाणी असलेली खोली मिळाली तर मालकाच्या डोक्याची चौकशी कुणी करत नसे. आम्ही खोली घेतली.

ऐंशी सालानंतरची ती पाच-सात वर्षं. कात्रपला तेव्हा अर्धी शेतं आणि अर्धी जोती होती. घरमालकांना आणि त्यांच्या बायकोला आम्ही लवकरच काका-काकू म्हणायला लागलो. काकांचं घर पत्र्याचं, बैठं, लांबट. अर्ध्यात ते आणि काकू, अर्ध्यात आम्ही. मध्ये एका विटेची भिंत. त्या भिंतीतून इकडची फोडणी तिकडे ऐकू जायची. काका अंबरनाथच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल खात्यात अधिकारी होते. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. लग्नाकार्याला गेले तरी तो टेस्टर खिशाला असायचाच. मूलबाळ नव्हतं. मीही अंबरनाथलाच नोकरीला होते, पण दुसऱ्या कारखान्यात, रंगांच्या प्रयोगशाळेत. आलेला माल तपासायचा आणि त्यातला दोष शोधून काढायचा, हे माझं काम. दिवसभर दोष शोधून झाले की संध्याकाळी घरी येऊन मी तेच काम बिनपगारी चालू ठेवत असे.

काकांचा परिपाठ असा. संध्याकाळी कामावरून आले की पडवीत एक चप्पल काढायची आणि थांबायचं. आज आपल्यासाठी कुणी काय केलं, ते आठवायचं. एक गोष्ट सापडली की दुसरी चप्पल काढायची. सापडली नाही तर सापडेपर्यंत तसंच उभं राहायचं. मग तो माणूस जवळ असेल तर लगेच, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जाऊन तोंडानं सांगायचं. पाऊस असो, वीज गेलेली असो, घरी पाहुणे ताटावर बसलेले असोत. काकूंच्या भाकऱ्या त्यापायी किती निवल्या असतील त्याला सुमार नाही.

त्यांचं बोलणं बाजारी वळणाचं होतं, कारण अर्धं आयुष्य उल्हासनगरच्या दुकानांतून विजेच्या मोटारींचे भाग शोधण्यात गेलं होतं. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "काका, देवाच्या कृपेनं सगळं छान चाललंय, असं म्हणावं आणि चप्पल काढावी. कशाला एवढा वेळ?"

"तो ठोक माल झाला," ते म्हणाले. "ठोक आभार कुणालाच पोचत नाहीत. सुटे पाहिजेत. कुणी, कधी, काय केलं, तेवढंच. आणि दिवसाला एक. दोन मानलेस की उद्या सुट्टी घ्यावीशी वाटते."

हा नाद त्यांना लागला तो उल्हासनगरच्या कॅम्पात. तिथं जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायचं, वाइंडिंगचं काम करणारे एक वयस्कर सिंधी गृहस्थ होते. दुकान बंद करताना ते रोज आपल्या जुन्या वाइंडिंग मशीनला हात लावायचे आणि तोच हात कपाळाला. काकांनी एकदा विचारलं की आज काही विशेष आहे का. तर ते म्हणाले, "नहीं साईं. आज भी चली ना? बस." काका हे सांगताना दर वेळी तो "बस" म्हणताना हात झटकून दाखवायचे.

"मी तेव्हा भयंकर माणूस होतो," असंही ते सांगत. आणि काकू आतून दुजोरा देत, "बारा वर्षं नुसत्या तक्रारी! कारखान्याची तक्रार, पाण्याची तक्रार, माझ्या माहेरच्यांची तक्रार. या माणसानं एकदा पंचांगाबद्दल तक्रार केली होती." ती काय होती हे काकूंना आठवत नसे आणि काका सांगत नसत.

लोकांना मात्र या आभारांची सवय नव्हती. एका पावसाळ्यात दोन दिवस वीज गेली होती. तिसऱ्या दिवशी वायरमन आला, भर पावसात खांबावर चढला, आणि खाली उभं राहून अख्ख्या आळीनं त्याचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी काका त्याला शोधत चहाच्या टपरीवर गेले. "काल तुम्ही पावसात खांबावर चढलात. दिवा लागला तेव्हा माझी बायको चाचपडत पोळी उलटत होती. तिचा हात भाजायचा वाचला. आभारी आहे." वायरमननं हातातला कप खाली ठेवला, काकांना नीट न्याहाळलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणखी एकाला घेऊन आला आणि काकांचं मीटर उघडून बसला. मीटरमध्ये काही निघेना. तेव्हा ओशाळून म्हणाला, "राग मानू नका साहेब. एवढा गोड बोलणारा माणूस म्हटला की मीटरला काहीतरी केलेलं असतंच." काका खूश. त्या संध्याकाळी चप्पल झटकन निघाली, कारण मीटर विनाअर्ज तपासून मिळालं होतं.

चामटोलीहून एक भाजीवाली यायची. तिला काका म्हणाले, "मावशी, तुमच्या मेथीला मातीचा कण नव्हता. ओढ्यावर धुऊन आणलीत ना? आभारी आहे." ती घाबरून काकूंना म्हणाली, "बाय, तुमचा मानूस बरा हाय ना? माना कशाला आभार? मेथी परत तं करत नाय?" मेथी परत करत नाही याची खात्री पटेपर्यंत ती पाटी उचलेना.

वाईट दिवशी काय करायचे, तेही मी पाहिलं आहे. एकदा त्यांच्या देखरेखीखालची एक मोटार जळली आणि मॅनेजरनं त्यांना सगळ्यांदेखत झाप झाप झापलं. त्या संध्याकाळी काका पडवीत जवळजवळ अर्धा तास उभे होते. चेहरा उतरलेला. मला बघवेना. मी म्हटलं, "काका, आज राहू द्या."

"थांब," ते म्हणाले. आणि मग बऱ्याच वेळानं, "ओरडायच्या आधी त्यांनी मला बसायला खुर्ची दिली होती." चप्पल काढली आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी मॅनेजरला त्यांनी खरोखरच खुर्चीबद्दल सांगितलं. मॅनेजर काय म्हणाला ते मात्र कळलं नाही.

मला या नादाला त्यांनीच लावलं. एका संध्याकाळी मी काकूंसमोर बसून कंपनीची बस, आमचा साहेब, पत्र्याखालचा उकाडा आणि माझ्या सासूबाईंच्या हातचं मीठ, असा सगळा पाढा वाचत होते. काका ऐकत होते. म्हणाले, "मुली, तू माझ्यापेक्षा चांगली करशील. तुझी नजर तपासणीची आहे. माझ्या नजरेतून निम्मं सुटतं. बरं, घरी आल्यावर न चुकता पहिली गोष्ट काय करतेस?"

"घड्याळ काढते."

"मग तिथंच बांध. नवी सवय एकटी उभी राहत नाही, तिला जुन्या सवयीला बांधावं लागतं. एखादा दिवस चुकला तर चुकला. दंड लावून घेऊ नकोस. दंड लावला की ती पळून जाते."

पहिले तीन दिवस मी घड्याळ हातात धरून उभी राहायची आणि काही सापडायचं नाही. चौथ्या दिवशी सापडलं. सकाळी मी छत्री सावरत धावत असताना कंपनीच्या बसचा ड्रायव्हर माझ्यासाठी थांबला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तो म्हणाला, "मी नाय थांबलो मॅडम, गिअर अटकला होता." मी तणतणत काकांकडे आले. ते शांतपणे म्हणाले, "मग गिअरचे मान."

काकांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. नव्वदनंतर ते निवृत्त झाले, घराच्या जागी इमारत आली, आम्ही शिरगावला स्वतःच्या जागेत गेलो. माझं घड्याळही तिसरं की चौथं आहे. पण ते काढताना हात अजून थांबतो. माझा स्वभाव त्यामुळे गोड झाला असं घरातलं कुणीही म्हणणार नाही. मी अजून तितकीच कटकट करते. फक्त दिवसातून एकदा, दोन मिनिटं, ती बंद असते. काकांचंही तसंच होतं. गाय अळवात शिरली की त्यांच्या तोंडून जे निघायचं ते इथं लिहिता येणार नाही.

पण याच नादापायी एकदा माझी नोकरी जायची वेळ आली होती. ते सांगितल्याशिवाय काका पुरे होत नाहीत.

आमची छकुली पाच महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. बदलापुरात तेव्हा पाळणाघर नव्हतं. नाशिकला मोठ्या दिरांकडे राहणाऱ्या सासूबाई तिला सांभाळायला आल्या. त्यांचं माझं फार सख्य होतं अशातला भाग नव्हता. दोघींच्याही नाकावर राग. बोलणं व्हायचं ते दूध किती, औषध दिलं का, कुकरच्या शिट्ट्या किती, एवढंच. पण त्या होत्या म्हणून मी सकाळी सव्वासातला बस पकडू शकत होते. त्या गेल्या तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसावं लागलं असतं, आणि प्रयोगशाळेतली ती जागा मी मोठ्या मुश्किलीनं मिळवली होती. खात्यातली मी एकटीच बाई. एकदा सोडली असती तर पुन्हा मिळाली नसती.

घड्याळाची सवय लागून महिना झाला होता. बसवाला, शिपाई, शेजारची मुलगी, सगळ्यांचे आभार मानून झाले. आणि एका संध्याकाळी घड्याळ काढताना माझ्या लक्षात आलं की आठ महिने जी बाई माझं मूल सांभाळते आहे, तिला आपण एका शब्दानं काही म्हटलेलं नाही. मला माझीच लाज वाटली. आता हे साध्या पद्धतीनं नको, काहीतरी चांगलं करू, असं मनाशी ठरवून मी शनिवारी अर्ध्या दिवसानं सुटल्यावर उल्हासनगरला गेले. कॅम्पातल्या बाजारात तासभर घालवून सासूबाईंसाठी चांगली अबोली रंगाची सुती साडी घेतली. दुकानदार म्हणाला, "ले जाओ बहनजी, सासूमाँ खुश हो जाएगी." मीही खूश होते.

घरी आले, साडीवर हळदकुंकवाचं बोट लावलं, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि आमच्या कारखान्यात निरोपसमारंभाला साहेब बोलतात तसल्या सुरात म्हटलं, "आई, तुम्ही इतके दिवस छकुलीला सांभाळलंत, त्याबद्दल मी तुमची मनापासून आभारी आहे."

सासूबाईंनी साडीकडे पाहिलं. कुंकवाच्या बोटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बोळवण करतेस माझी?"

"अहो नाही, आई..."

"साडी दिलीस. कुंकू लावलंस. इतके दिवस सांभाळलंत म्हणालीस. आणखी कशाला बोळवण म्हणतात? आणि आभार? आभार परक्याचे मानतात, सूनबाई. नातीला सांभाळलं म्हणून आजीचे आभार मानायला मी काय पाळण्याची दोरी ओढायला ठेवलेली बाई आहे? स्पष्ट सांगायचं होतंस, आता गरज नाही म्हणून."

मी समजावायला गेले तितकं ते बिघडत गेलं. साडी त्यांनी घडीसकट माझ्या हातात परत ठेवली आणि नाशिकला पत्र टाकलं की पुढच्या रविवारी निघते. नवरा रोज मुंबईहून उशिरा यायचा. तो दोघींकडे आळीपाळीनं बघून म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा," आणि जेवायला बसला. त्याच्या आभाराची पाळी त्या आठवड्यात आली नाही.

मी भिंतीपलीकडे गेले आणि काकांवर तुटून पडले. "तुमच्या नादानं माझं घर मोडायची वेळ आली! आता नोकरी सोडून बसते आणि रोज तुमचे आभार मानते!"

काकांचा चेहरा पार पडला. ते काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "तुम्ही हिला सांगितलं नव्हतं का? घरच्या माणसाचं?"

"राहून गेलं," काका पुटपुटले.

मग काकूंनी सांगितलं. हा नाद नवा लागला होता तेव्हा काकांनी एकदा काकूंसमोर हात जोडले आणि म्हणाले, "आजच्या भरल्या वांग्याबद्दल मी तुझा आभारी आहे." लग्नाला बारा वर्षं झालेली, असा शब्द कधी कानावर पडलेला नाही. काकूंना वाटलं, डॉक्टरनं यांना काहीतरी सांगितलंय आणि हे निरवानिरव करतायत. त्यांनी रडून गोंधळ घातला. कल्याणहून भाऊ आला, तो काकांना बाजूला घेऊन म्हणाला, "भावोजी, खरं काय ते मला सांगा." रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली. सगळं ठणठणीत निघालं तेव्हा भाऊ उलट चिडला.

"तेव्हापासून मला तो शब्द वापरायला बंदी आहे," काका म्हणाले. "घरच्या माणसाला तोंडावर आभार म्हटलं की त्याला वाटतं, आपल्याला उंबऱ्याबाहेर काढलं. माझं चुकलं, मुली. हे तुला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं."

"मग घरच्यांचे कसे मानायचे?"

"तिसऱ्याला सांगायचं. त्यांच्या कानावर जाईल असं."

रविवार उजाडला. सासूबाईंची बॅग कॉटवर उघडी होती. दुपारची गाडी होती, नवरा कल्याणपर्यंत सोडायला जाणार होता. काकूंनी मागच्या दारी धुणं वाळत घालण्याचं निमित्त काढलं आणि मी भिंतीशी उभी राहून, ठरल्याप्रमाणे, सांगायला सुरुवात केली. "काय सांगू काकू, आमच्या आई आहेत म्हणून मी निर्धास्त असते हो. छकुलीला किती जपतात!" काकू तिकडून तितक्याच मोठ्यानं, "हो का गं! भाग्यवान आहेस!"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "त्या बहिऱ्या नाहीत, आणि मीही नाही. ओरडू नका."

काकूंनी उरलेलं धुणं मुकाट्यानं घातलं. माझी तर मान वर होईना. शिकवलेलं सगळं संपलं होतं. काका म्हणाले होते त्यातलं आता माझ्याकडे काही उरलं नव्हतं. पडवीतून त्यांचा आवाज आला, "मी रिक्षा बघून येतो." तो आवाजही पडलेला होता.

मी आत गेले. सासूबाई लुगड्यांच्या घड्या बॅगेत बसवत होत्या. छकुली पाळण्यात झोपलेली. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. आणि मला राग आला. लाज, भीती सगळं बाजूला राहिलं आणि नुसता राग आला.

"जा," मी म्हटलं. "जायचं तर जा. पण मला काही दिसत नाही असं समजून जाऊ नका. गवळी येत नाही त्या दिवशी तुम्ही म्हणता, मला कोरा चहा आवडतो. तुम्हाला कोरा चहा मुळीच आवडत नाही, पिताना तोंड वाकडं होतं तुमचं. छकुलीला दूध पुरावं म्हणून पिता. हातातल्या पाटल्या काढून डब्यात ठेवल्यात, तिच्या गालाला लागतात म्हणून. वीज गेली की पुठ्ठ्यानं वारा घालता. उजवं मनगट दुखतं म्हणून आता डाव्या हातानं घालता. मला सांगितलंत का? नाही सांगितलंत. आणि सकाळी मी निघाले की तिला घेऊन मागच्या दारी कावळा दाखवायला जाता. मला वाटायचं, यांना मला निरोप द्यायचा नसतो. ती रडली तर मला बसपर्यंत ऐकू येईल, म्हणून जाता तुम्ही. मला सगळं माहीत आहे. मला ते बोलता येत नाही नीट, तो माझा दोष आहे. जा आता."

सासूबाईंच्या हातात लुगडं तसंच राहिलं. त्या कॉटवर बसल्या.

"तुला हे दिसत होतं?"

मी मान हलवली.

"मला वाटायचं, कुणी बघतच नाही," त्या म्हणाल्या. आणि मग एकदम चिडून, "मग आठ महिने तोंड शिवून का बसली होतीस?"

मला रडू फुटलं, तसं त्यांनी दटावलं, "हळू! आत्ता कुठे झोपलीय ती." पण त्यांचेही डोळे भरले होते. बॅग त्यांनी बंद केली आणि पायानंच कॉटखाली सारली.

बाहेर रिक्षा येऊन थांबली. निघायच्या तयारीत दाराशी ऐकत उभा असलेला नवरा फाटकाशी गेला आणि आई जात नाहीत हे त्यानं काकांना सांगितलं असावं, कारण पुढच्याच क्षणी काकांचा आवाज चढला. गेला आठवडाभर तो आवाज ऐकला नव्हता. "मित्रा, तू या उन्हात स्टेशनावरून इथवर आलास आणि आता रिकामा चाललास. त्याबद्दल मी तुझा फार फार आभारी आहे."

"अरे काका," रिक्षावाला म्हणाला, "सवारी नाय तर थँक्यूचं काय लोणचं घालू?"

सासूबाई आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "जा, त्याला चहा तरी विचार. आणि काकांनाही. उन्हात उभे आहेत."

मी चहा ठेवायला ओट्याशी गेले. छकुलीचं पाणी उकळून, गाळून झाकून ठेवलेलं होतं. आणि शेजारी ताटलीत ओल्या फडक्यात बांधलेली मटकी होती. सोडून पाहिली तर चांगले मोड आलेले. दर सोमवारी माझ्या डब्याला उसळ असायची. मी ते गाठोडं हातात घेऊन बाहेर आले.

"आई, ही केव्हा बांधलीत?"

"काल सकाळी भिजवली, संध्याकाळी बांधली," त्या म्हणाल्या. "मी जाणार म्हणून तुला काय उपाशी पाठवणार होते?"